मसुद्यांतली सतरा पत्रे

मी चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयात मसुदे लिहिले. पत्र कोणालाही जायचे असो, त्याचे पहिले रूप माझ्या टेबलावर तयार होई. कागदाचा डावा अर्धा भाग कोरा सोडायचा, उजव्या भागात मजकूर लिहायचा. वरिष्ठ त्या कोऱ्या भागात दुरुस्त्या करीत. दुरुस्त्यांनंतर स्वच्छ प्रत, स्वच्छ प्रतीवर सही, आणि सहीनंतर ते पत्र शाखेच्या दाराशी असलेल्या टेबलावर जाई. तिथे बसणाऱ्या बाई जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक घालीत, पाकीट चिकटवीत आणि ते टपालात धाडीत. मी लिहिलेल्या पत्रांपैकी एकही मी स्वतः पाठवलेले नाही. तसा प्रसंगच कधी आला नाही. पाठवणे हे त्यांचे काम होते.

त्या टेबलावर त्या सव्वीस वर्षे होत्या. घरची माणसे कोकणातली, त्या वाढल्या लालबागला. वडील गिरणीत होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि एका मुलीला घेऊन त्या परळच्या दोन खोल्यांत राहिल्या. बोलणे मात्र असे, की साहेबांनीही जपून असावे. संध्याकाळचे टपाल निघायची वेळ झाली, की दारातूनच त्यांची हाक येई.

“काय मसुदेकार, सापडला का शब्द?”

“एकच राहिलाय,” मी म्हणे.

“टपालवाला खाली उभा आहे. त्याला विचारून बघू का, त्याच्याकडे आहे का एखादा?”

सगळी शाखा हसे. मी मान खाली घालून सुचेल तो शब्द लिहून टाकी. एकदा माझ्या अविवाहित असण्याचा विषय कोणीतरी काढला, तेव्हा त्या नोंदवहीतून डोके वर न काढता म्हणाल्या, “त्यांचं लग्न झालं असतं हो, पण मुलीकडे पाठवायचं पत्र अजून दुरुस्तीत आहे.” मला ते बोचले नाही. उलट, माझ्याविषयी कोणी इतका नेमका विचार केला असावा, याचे घरी पोहोचेपर्यंत अप्रूप वाटत राहिले.

मी निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी त्याही झाल्या. दादरच्या एका सार्वजनिक वाचनालयाचे आम्ही दोघेही सभासद होतो. मी ठाकूरद्वारहून जाई, त्या परळहून येत. गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास आमची तिथे गाठ पडू लागली. ठरवून नव्हे, निदान पहिल्या दोन वेळा तरी ठरवून नव्हे. पुस्तके बदलायची, वर्तमानपत्रांच्या मेजाशी थोडे थांबायचे, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा. सगळे मिळून पाऊण तास. या पाऊण तासासाठी बुधवारीच मी इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीवर घालून ठेवीत असे, हे त्यांना कधी कळले नाही. कळले असल्यास त्यांनी तसे दाखवले नाही.

सहा वर्षे हे असेच चालले. मग एका गुरुवारी त्यांनी सांगितले की मुलीकडे, कॅनडाला, जायचे आहे. मुलीला बाळ होणार होते.

“सहा महिने तरी राहावं लागेल. पुढचं पुढे बघू.”

“तिथला पत्ता?” मी विचारले.

“पत्ता कसला देऊ? लेक दोन महिन्यांत घर बदलणार आहे. इथला फोन बंद करतेय, तिथला अजून यायचाय.” त्यांनी पर्समधून वाचनालयाची एक जुनी चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर, आपल्या त्या उभट, स्वच्छ अक्षरात इमेलचा पत्ता लिहिला. “हे घ्या. लेकीनं काढून दिलंय. हे काही बदलत नाही. मेल करा.”

“मला ते येत नाही.”

“मला तरी कुठे येत होतं? आजी व्हायच्या वयात शिकले. तुम्ही तर पदवीधर.” त्या उठल्या, खांद्यावरची पिशवी सारखी केली. “शिका आता. मी वाट बघेन हं.”

मी इंटरनेट शिकलो ते या चिठ्ठीपायी. काळाबरोबर राहावे, जगाचे ज्ञान मिळावे, अशी कारणे मी पुढे लोकांना सांगितली. ती खरी नव्हती.

योगायोगाने त्याच वाचनालयाच्या वरच्या दालनात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग सुरू झाला होता, दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच. वाचनालयातल्याच एक बाई शिकवीत. आम्ही आठ जण होतो, आणि माझ्या शेजारच्या संगणकावर शीव कोळीवाड्याच्या एक मावशी बसत. वयाने माझ्याच बरोबरीच्या असाव्यात, पण वर्गात सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचा मासळीचा धंदा होता. गुरुवारच का, असे शिकवणाऱ्या बाईंनी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “गुरुवारी मासली खातंय कोण? समदे देववाले. सोमवार नि गुरुवार आमचे हात रिकामे.” त्यांची जुनी गिऱ्हाईके आता फोनवर लिहून मासळी मागवीत होती. “तोंडानं बोलायचं सोडलंन लोकांनी. पापलेट हाय काय, ते पन लिवून इचारतात.”

मी एक लांब वही केली आणि शिकवलेली प्रत्येक पायरी शाईने उतरवून घेऊ लागलो. माझी वही पाहून मावशींनी मला पहिल्याच दिवशी मास्तर करून टाकले. त्या काहीही लिहून घेत नसत. चुकीचे बटण दाबत, खळखळून हसत, पुन्हा दाबत, आणि मी पान उलटेपर्यंत त्यांचे काम झालेले असे.

दुसऱ्या वर्गात आम्हांला शोध घ्यायला सांगितले. हवे ते लिहा, बाई म्हणाल्या. मी चौकटीत लिहिले, “पुढील शहराचे आजचे तापमान कृपया कळविण्यात यावे, ही विनंती,” आणि खाली, त्यांनी जाण्याआधी बोलता बोलता सांगितलेल्या, लेकीच्या कॅनडातल्या गावाचे नाव. मावशी माझ्या पडद्यात डोकावल्या.

“मास्तर, यंत्र हाय ते. साहेब नाय.”

यंत्राने मात्र विनंतीचा मान राखला. उणे अकरा, असे उत्तर आले. कार्यालयात पंखा जरा वाढवला तरी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेणारी बाई माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि तो आकडा मी वहीत लिहून घेतला. त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला, की मी फोनवर तिथले तापमान पाहू लागलो. नंतर तिथले घड्याळ पाहायला शिकलो. नंतर नकाशा. पुढे जे जे शिकलो ते या क्रमाने शिकलो. त्या गावाच्या बाहेर इंटरनेटवर आणखी काय काय आहे याची मला फारशी कल्पना नाही.

चौथ्या वर्गात इमेल आले. प्रत्येकाने शेजाऱ्याला एक पत्र पाठवायचे होते. मी मावशींना लिहिले, “स. न. वि. वि. सदर पत्र प्रयोगादाखल पाठवीत आहे. मिळाल्याची पोहोच द्यावी.” खाली निळी पट्टी होती, तिच्यावर ‘पाठवा’ असे लिहिले होते. ती दाबली. मावशींची पोहोच लगेच आली: एका भल्या मोठ्या सुरमईचे छायाचित्र, अक्षर एकही नाही.

त्याच आठवड्यात मी घरी, माझ्या फोनवर, पहिले पत्र लिहिले. आधी कागदावर कच्चे केले, अर्धा भाग कोरा सोडून. दुरुस्त्या केल्या. वर ‘पत्र क्र. १’ असे घातले आणि एका बोटाने, दोन तास बसून, ते फोनमध्ये उतरवले. लिहून झाल्यावर निळी पट्टी शोधू लागलो. ती नव्हती. ‘पाठवा’ हा शब्दही कुठे नव्हता. होते ते दोन बाण: डावीकडे एक, मागे वळलेला, उजवीकडे एक, टोकदार, कागदी विमानासारखा. उजवीकडचा मला शोभेचा वाटला. मी डावीकडचा दाबला. पत्र मिटले आणि पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ उमटली: मसुदा जतन केला.

ती ओळ वाचून मला किती समाधान वाटले, हे आज सांगायलाही संकोच होतो. मसुदा झाला होता. तो जतन झाला होता. चौतीस वर्षांत पत्राचा प्रवास मला याच्या पुढे कधी दिसलाच नव्हता. इथून पुढचे कोणीतरी करते, ही समजूत माझ्यात इतकी मुरलेली होती, की ती समजूत आहे हेही माझ्या ध्यानात येत नसे. तरी मनाच्या एका कोपऱ्यात शंका होती, आणि ती पुढच्या गुरुवारी विचारून घेता आली असती. पण पत्र गेले की नाही हे कसे पाहायचे, असे विचारले असते तर कोणाला पाठवले हा प्रश्न आला असता. मी विचारले नाही.

दर पंधरा दिवसांनी, कधी त्याआधीही, मी एक पत्र लिहीत गेलो. पहिल्यात प्रवासाची आणि थंडीची चौकशी होती. दुसऱ्यात, वाचनालयात नवे काय आले ते. तिसऱ्यात बाळाविषयी विचारले. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसल्यामुळे ते सगळे पत्र ‘बाळ’ या एका शब्दावर तोलून धरावे लागले. उत्तर येत नव्हते. आधी मी म्हटले, बाळंतिणीचे घर, सवड कुठली असणार. मग म्हटले, घर बदलताहेत. पाचव्या पत्रात मी आधीची पत्रे लांबल्याबद्दल क्षमा मागितली. आठव्यात केवळ प्रकृती कशी आहे, इतकेच विचारले.

या काळात मी त्यांच्या गावी पुष्कळ हिंडलो. नकाशातला रस्ता बोटाने पुढे सारला, की घरे सरकतात, झाडे सरकतात, हे मला एका दुपारी सापडले. त्यांचे घर कोणते, हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मी गावातले सार्वजनिक वाचनालय शोधून काढले. विटांची ठेंगणी इमारत, दाराशी पाच पायऱ्या आणि एका बाजूला कठडा. डावा गुडघा त्यांना त्रास देई. कठडा डाव्या हाताला होता, हे पाहून बरे वाटले. आतली छायाचित्रेही होती. खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या. ते वाचनालय केव्हा उघडते, केव्हा मिटते, रविवारी बंद असते, हे सगळे मला पाठ झाले. आपण ज्यांना पत्र लिहितो त्या उत्तर देत नाहीत, आणि आपण मात्र त्यांच्या गावात असे न विचारता फिरतो आहोत, याची कधी कधी लाज वाटे. मग दोन दिवस मी नकाशा उघडत नसे.

गणपती होऊन गेले, त्यानंतरच्या गुरुवारी वाचनालयात मी एक पुस्तक सहज काढले. शेवटच्या पानाला चिकटवलेल्या कागदावर सभासदांचे क्रमांक होते, आणि त्यांत त्यांचा होता. पुस्तक त्यांनी नेले होते, त्याला चार वर्षे होऊन गेली होती. मी ते घरी आणले. वाचले नाही. मेजावर ठेवले आणि बारावे पत्र लिहिले. कच्चे न करता, थेट फोनवर लिहिलेले ते माझे एकमेव पत्र. त्यात बाकी काय होते ते सोडून देतो. एक वाक्य असे होते: तुम्ही इथे असायला हव्या होतात.

मी डावीकडचा बाण दाबला. मसुदा जतन केला.

त्यानंतर उत्तर न येणे हे मला निराळेच वाटू लागले. मी मर्यादा सोडली, त्यांना ते रुचले नाही, आणि सौजन्य म्हणून त्या गप्प आहेत, असा अर्थ मी लावला. पुढच्या चार पत्रांत मी हवापाण्याच्या पलीकडे गेलो नाही. सतरावे पत्र नोव्हेंबरात लिहिले. “माझ्या पत्रांचा आपणास उपसर्ग होत असावा. यापुढे लिहिणार नाही. कळावे.” ‘तुम्ही’ जाऊन ‘आपण’ आले होते. हे तीन ओळींचे पत्र मी चार वेळा कच्चे केले.

वर्गाचे सहा धडे केव्हाच संपले होते, पण सराव म्हणून आमच्यातले तिघे-चौघे गुरुवारी येत राहिले होते. सतराव्या पत्रानंतरच्या गुरुवारी मावशी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

“मास्तर, एक अर्ज लिवा. आमच्या महिला मंडलाला हलदीकुंकवाला हॉल पायजे. अर्ज मेलवर द्या बोलतात. माझा लिवलेला वाचून ते हॉल काय, पायरी पन देनार नायत.”

अर्ज हे माझे क्षेत्र होते. मी तो तिथेच, फोनवर, मन लावून लिहिला. ‘आमचे मंडळ गेली अनेक वर्षे’ या शब्दांनी सुरुवात केली, शेवटी आभार मानले. मावशींना वाचून दाखवला. त्या खूश झाल्या. मी डावीकडचा बाण दाबला.

“झालं,” मी म्हणालो.

“झालं म्हंजे? गेलं कुटं?”

“हे पाहा. जतन झालं.”

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अंगठ्याने भराभर काहीतरी उघडले. “अवो मास्तर, गेलंच नाय ते! हे बगा, मसुद्यात पडलंय. हा बान दाबायचा, हा, विमानाचा. तुमी तर मागं फिरलात.” आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांचे लक्ष पुन्हा पडद्याकडे गेले. “नि ही येवढी कोनाची? एक, दोन... सतरा हायत. सगली एकाच बाईला?”

माझ्या चेहऱ्यावर काय होते, ठाऊक नाही. पण मावशींचे हसू थांबले. फोन त्यांनी हलकेच माझ्यासमोर मेजावर ठेवला, पडदा वर करून.

“कुटं असतात?”

“कॅनडाला.”

“तुमी लिवनार, ते ठाव व्हतं त्यांना?”

“हो. वाट बघेन, म्हणाल्या होत्या.”

“किती दिवस झाले?”

“नऊ महिने.”

मावशींनी जिभेने च्च केले. “मग त्या बिचारीला काय वाटलं असंल वो?”

नऊ महिने मी माझ्या वाट पाहण्याचा हिशेब ठेवला होता. दुसऱ्या टोकालाही कोणी रोज टपालाचा डबा उघडून तो रिकामा पाहत असेल, हा विचार त्या क्षणापर्यंत मला शिवला नव्हता. राग मी धरला होता, सतराव्या पत्रात निरोपही मीच घेऊन टाकला होता, आणि ज्या बाईंचा निरोप घेतला त्यांना माझे पहिले अक्षरही मिळालेले नव्हते.

“पाठवा आता,” मावशी म्हणाल्या. “दाबू का मी?”

“नको.”

“मग बसून काय करताव?”

मी ती जुनी पत्रे उघडली नाहीत. त्यांतले कोणतेही त्या दिवशी खरे ठरले नसते. नवे पत्र उघडले आणि लिहिले: “बाई, नऊ महिने मी तुम्हांला पत्रे लिहीत होतो आणि ती पाठवतच नव्हतो. पाठवायचे कसे ते आज कळले. तुम्ही वाट पाहिली असेल. मला क्षमा करा. मी इथेच आहे, गुरुवारी वाचनालयात आहे.” आणि थांबलो.

“आता काय?” मावशी.

“‘आहे’ दोनदा आलंय.”

“येऊ दे.”

मी उजवीकडचा बाण दाबला. तळाशी ‘पूर्ववत करा’ असे शब्द आले, आणि मी ते वाचीपर्यंत नाहीसे झाले.

“आता काय परत येत नाय,” मावशी म्हणाल्या, आणि क्षणभराने, “आता माझा अर्ज पाठवा.”

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय केले हे सांगण्याजोगे नाही. फोन घेऊन गॅलरीत जाणे आणि आत येणे, इतकेच. उत्तर आले ते त्यांच्या बोलण्यासारखे होते.

“अहो, माणूस की काय तुम्ही! मी लेकीला म्हटलं, शिकले नसतील, त्यांना लाज वाटते. ती म्हणाली, तूच लिही, पत्ता शोधू. मी नाही म्हटलं. खरं सांगू? चोवीस वर्षं तुमचं लिहिलेलं मीच पुढे धाडलं. एकदा तरी तुम्ही स्वतः धाडावं, असं वाटत होतं. जूनपर्यंत रोज बघायचे. मग आठवड्यानं. मग सोडून दिलं होतं. परवा नातीचे फोटो लेकीनं मेलवर टाकले, म्हणून उघडलं. नात आहे. रडते माझ्यासारखी, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. ती जुनी पत्रं आहेत का अजून? फाडली असतील तर बघा.”

ती पत्रे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवली. पहिल्यापासून एकेक उघडायचे, बाण दाबायचा. अकराव्याशी येऊन मी थांबलो. बारावे वगळावे, असे मनात आले. पण प्रत्येक पत्रावर मी सवयीने क्रमांक घातला होता. अकरानंतर तेरा आलेला पाहून त्या बाई गप्प बसल्या असत्या, हे शक्य नव्हते. मी बारावे उघडले, वाचले नाही, बाण दाबला. तेरा ते सोळा त्यामागून गेली. सतरावे पाठवले नाही. ते काढून टाकायचे कसे हे मला ठाऊक आहे. पण काढूनही टाकलेले नाही.

संध्याकाळी त्यांचे चार शब्द आले. सगळी एकदम वाचणार नाही, आठवड्याला एकच उघडेन, क्रमाने, आणि त्याचे उत्तर त्यालाच देईन. इतकी वाट पाहिली ती एका दुपारी संपवून टाकू का, असे त्यांनी विचारले होते.

तेव्हापासून दर आठवड्याला एक उत्तर येते. मी फेब्रुवारीत विचारलेल्या थंडीविषयी त्यांनी डिसेंबरात लिहिले. ‘बाळ’ या शब्दावर तोललेल्या पत्राला त्यांनी नातीचा नुकताच आलेला दात कळवला. गावच्या वाचनालयात त्या जातात, असे पाचव्याच्या उत्तरात आले. मराठी पुस्तक एकही नाही, पण खिडकीशी बसायला बरे वाटते. कोणत्या खिडकीशी, हे मी विचारले नाही. सातव्याच्या उत्तरात परळच्या खोल्यांचा विषय होता. त्या आता ठेवायच्या नाहीत, असे मायलेकींनी ठरवले आहे. “तिला टाकून यायला माझं मन होणार नाही. तुम्ही समजून घ्याल.” मी समजून घेतले. त्या दिवशी मी वाचनालयात गेलो, पुस्तक बदलले आणि चहा न घेता घरी आलो.

बारावे पत्र त्यांच्याजवळ आहे. त्यांनी ते उघडले नसेल, असे मला वाटते. एकदा ठरवले की त्या क्रम मोडत नाहीत. कधी वाटते, उघडलेही असेल, आणि काय लिहावे याचा विचार करायला त्या वेळ घेत असतील. परत न येणाऱ्या माणसाला ते वाक्य वाचून काय करता येईल, हे मला कळत नाही. ते परत मागवण्याची सोय पहिल्या काही क्षणांपुरतीच असते.

परवा दहाव्याचे उत्तर आले. त्यांनी मला तिथल्या बर्फाचे छायाचित्र पाठवले आहे, आणि त्यात पायरीवर त्यांच्या बुटांचे ठसे आहेत. आता अकरावे. ते अवघे चार ओळींचे आहे.